रनिंग मेटची निवड: घोडं नेमकं कुठे पेंड खातं

प्रश्न असा आहे: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार, म्हणजे रनिंग मेट, कसा निवडतो? अटीतटीच्या राज्यातला एखादा लोकप्रिय नेता उचलला की झालं, असंच असतं का?

तसं नसतं. राज्य जिंकून देणारा माणूस शोधणं हा या कामातला सगळ्यात कमी भरवशाचा भाग आहे. १९८८ मध्ये मायकेल डुकाकिस यांनी टेक्सासचे सिनेटर लॉइड बेंट्सन यांना घेतलं. टेक्सास थोरल्या बुश यांच्याकडे गेलं. २००४ मध्ये जॉन केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन एडवर्ड्स घेतले. नॉर्थ कॅरोलायना मिळालं नाही. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले. विस्कॉन्सिन ओबामांकडेच राहिलं. उलट बाजूने सगळे १९६० च्या केनेडी-जॉन्सन जोडीचं नाव घेतात. टेक्सास त्यांनी जिंकलं, हे खरं. पण लिंडन जॉन्सन तेव्हा सिनेटमधले बहुमताचे नेते होते आणि दक्षिणेतल्या पक्षनेत्यांवर त्यांचं वजन होतं. असा माणूस दर चार वर्षांनी मिळत नाही.

मतदार शेवटी वरच्या नावाकडे बघून मत देतो. खालच्या नावामुळे मतं वाढली तर थोडी वाढतात. वाद मात्र एका दिवसात पेटतो आणि मग प्रचाराचे दोन-तीन आठवडे खुलासे करण्यातच जातात. म्हणून पहिला नियम: पदरचं घालवायचं नाही. दुसरा, माझ्या मते त्याहून मोठा: उद्या राष्ट्राध्यक्षाचं काही बरंवाईट झालं तर हा माणूस त्या खुर्चीत बसू शकेल का, याला उमेदवाराचं मनापासून ‘हो’ असलं पाहिजे. आजवर नऊ उपाध्यक्ष मध्येच राष्ट्राध्यक्ष झालेत, आठ मृत्यूमुळे आणि एक, जेराल्ड फोर्ड, राजीनाम्यामुळे. हॅरी ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते, तेव्हा, १२ एप्रिल १९४५ रोजी, रूझवेल्ट वारले. महायुद्ध सुरू होतं.

आपल्याकडे उपराष्ट्रपतीची निवडणूक स्वतंत्र असते आणि संसदेचे सदस्यच ती करतात, त्यामुळे ‘जोडी’ ही कल्पना थोडी परकी वाटते. अमेरिकेतही ती सुरुवातीला नव्हती. प्रत्येक इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेला प्रतिनिधी, राष्ट्राध्यक्षपदासाठी दोन मतं द्यायचा. दुसरा येईल तो उपाध्यक्ष. १८०० मध्ये एकाच पक्षाच्या जेफरसन आणि बर यांना ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधिगृहाला ३६ वेळा मतदान घेऊन तो गुंता सोडवावा लागला. त्यानंतर १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन पदांची मतं वेगळी झाली.

याच दुरुस्तीत दोन अटी आहेत, त्या यादीला पहिली कात्री लावतात. राष्ट्राध्यक्ष होण्यास जो अपात्र, तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही. म्हणजे जन्मतः अमेरिकी नागरिक, वय किमान ३५, देशात किमान १४ वर्षांचं वास्तव्य. मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार या पदाला उभे राहू शकत नाहीत, कारण त्यांचं नागरिकत्व जन्माने आलेलं नाही. तिथे जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलांना ही आडकाठी नाही. कमला हॅरिस यांची आई तमिळनाडूतून गेलेली, पण त्या स्वतः कॅलिफोर्नियात जन्मल्या, म्हणून २०२० मध्ये अडचण आली नाही.

दुसरी अट जास्त तांत्रिक आहे आणि लोक ती चुकीची सांगतात. दोघं एकाच राज्याचे असू नयेत, असा नियम नाही. नियम असा की, एखाद्या राज्याच्या इलेक्टरना दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या रहिवाशांना देता येत नाहीत. २००० मध्ये धाकटे बुश टेक्सासचे गव्हर्नर होते आणि डिक चेनी डलासला राहत होते. चेनी यांनी जुलैत वायोमिंगला जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवलं, ते याचसाठी. विरोधकांनी कोर्टात आव्हान दिलं, ते टिकलं नाही. पण हिशेब बघा: बुश यांना २७१ इलेक्टोरल मतं मिळाली, त्यातली ३२ टेक्सासची. ती चेनींना नाकारली गेली असती तर ते २३९ वर अडकले असते, बहुमताचा २७० चा आकडा कुणालाच गाठता आला नसता आणि उपाध्यक्ष कोण हे सिनेटने ठरवलं असतं. २०२४ मध्ये मार्को रुबिओ यांचं नाव चर्चेत होतं तेव्हा हाच पेच होता, कारण ट्रम्पही फ्लोरिडाचे रहिवासी आणि फ्लोरिडाची मतं ३०. अशा वेळी वकिलाला आधी विचारायचं, प्रेमात नंतर पडायचं.

आता प्रत्यक्ष काम. पक्षाच्या अधिवेशनाची तारीख धरून मागे मोजत यायचं. नीट छाननीला आठ ते बारा आठवडे लागतात. अधिवेशन जुलै-ऑगस्टमध्ये असतं, म्हणजे प्रायमरीचा (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुकांचा) निकाल स्पष्ट दिसायला लागला की, एप्रिल-मेमध्येच, काम सुरू झालं पाहिजे. हे जे वेळेचं सांगतोय ते हलक्यात घेऊ नका. या क्षेत्रातले गाजलेले बहुतेक घोटाळे माणूस वाईट होता म्हणून झालेले नाहीत, वेळ नव्हता म्हणून झालेत.

१९७२ चं उदाहरण प्रत्येकाने पाठ करावं असं आहे. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांची उमेदवारी मायामी बीचच्या अधिवेशनात शेवटपर्यंत लढवली गेली. टेड केनेडी हो म्हणतील ही आशा त्यांनी सोडली नव्हती. ते नाही म्हणाले. आणखी काही नावं गळाली. १३ जुलैला दुपारी मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना मिसूरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांना फोन गेला. काही लपवण्यासारखं आहे का, असं ओझरतं विचारलं गेलं आणि ते नाही म्हणाले. १९६० ते १९६६ या काळात नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात होते आणि दोनदा विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले होते, हे थोड्याच दिवसांत बाहेर आलं. मॅकगव्हर्न आधी म्हणाले की ते ईगलटन यांच्या पाठीशी हजार टक्के आहेत आणि मग ३१ जुलैला त्यांना जायला लावलं. अठरा दिवसांत सगळं संपलं. मला यात ईगलटन यांचा दोष कमी दिसतो. त्या काळी मानसिक आजाराची वाच्यता कुणीच करत नसे आणि ‘काही लपवण्यासारखं आहे का’ या प्रश्नाला बहुतेक माणसं प्रामाणिकपणेच ‘नाही’ म्हणतात, कारण आपण बरे झालो ही त्यांच्या दृष्टीने लपवायची गोष्ट नसते. प्रश्न नेमका विचारला नव्हता, आणि उत्तर पडताळायला वेळ नव्हता. त्यानंतर चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी सगळं उलट केलं: नावं लवकर काढली, आपले विश्वासू वकील चार्ल्स कर्बो यांच्याकडे चौकशीचं काम दिलं, काही जणांना जॉर्जियातल्या प्लेन्सला घरी बोलावून निवांत बोलले आणि वॉल्टर माँडेल निवडले. आजची पद्धत तिथून सुरू होते.

चौकशीची धुरा एका ज्येष्ठ, तोंडाला कुलूप असलेल्या वकिलाकडे द्यायची. वकीलच का, तर अशील-वकील गोपनीयतेचं संरक्षण मिळतं आणि कागदपत्रांत राहून काम करायची सवय असते. १९९२ मध्ये क्लिंटन यांच्यासाठी वॉरन क्रिस्टोफर होते, २००८ मध्ये रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांच्यासाठी ए. बी. कल्व्हाउस, २०२४ मध्ये हॅरिस यांच्यासाठी एरिक होल्डर. पण चौकशी करणाऱ्याचीही चौकशी आधी करा. २००८ मध्ये ओबामांच्या शोधसमितीचे प्रमुख जिम जॉन्सन यांना एका कर्ज कंपनीकडून सवलतीची गृहकर्जं मिळाल्याच्या बातम्या आल्या आणि त्यांना जूनमध्येच जावं लागलं. पुढचं काम कॅरोलिन केनेडी आणि होल्डर यांनी केलं. आणि शोधप्रमुख स्वतः इच्छुक असता कामा नये. चेनी २००० मध्ये शोधप्रमुख होते आणि शेवटी स्वतःच उमेदवार झाले. अशा वेळी त्या एका माणसाची तपासणी करणारं निष्पक्ष कुणी उरत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पंधरा ते पंचवीस नावं घ्यायची आणि कुणालाही न कळवता फक्त जाहीर नोंदींवर प्रत्येकाचं टिपण करायचं: विधिमंडळातली मतं, भाषणं, स्थानिक वर्तमानपत्रं, कोर्टाचे दावे, मालमत्ता, निवडणूक निधीचे हिशेब, समाजमाध्यमं, जुन्या मुलाखती आणि पॉडकास्ट. पॉडकास्ट ऐकायला माणसं बसवा, लिखित रूप वाचून भागत नाही. जे. डी. व्हान्स यांनी २०२१ मध्ये एका मुलाखतीत मूल नसलेल्या बायकांबद्दल केलेली शेरेबाजी २०२४ मध्ये निवड झाल्याबरोबर घराघरांत पोचली. माहिती कुठे दडलेली नव्हती. बोलताना सूर कसा होता हे चित्रफितीतच कळतं, आणि लोक चित्रफीतच बघतात.

या यादीत काही नावं गोटातल्या एखाद्या गटाला बरं वाटावं म्हणून घातलेली असतात. ती घालायला हरकत नाही. पण ज्याला खरोखर घ्यायचं नाही त्याला पुढच्या, घर उपसणाऱ्या तपासणीतून नेऊ नका. ते अपमानास्पद आहे, आणि त्याच्या हाती उद्या तुमच्याविरुद्ध सांगायला गोष्ट राहते.

मग आठ-दहा जणांना विचारायचं: पुढे यायचं आहे का? इथे पुष्कळ जण नको म्हणतात आणि त्यांची कारणं खरी असतात. जे हो म्हणतात त्यांच्याकडे प्रश्नावली जाते. सत्तर-ऐंशीपासून पुढे दोनशेच्या घरातही प्रश्न असतात. सोबत साधारण दहा वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं, नवरा-बायकोचे व्यवसाय, कर्जं, भागीदाऱ्या, वैद्यकीय कागद, समाजमाध्यमांचे पासवर्ड किंवा पूर्ण उतारे, अप्रकाशित लेखन. घरकामाला ठेवलेल्या माणसांचे कायदेशीर कागद आणि त्यांचा सोशल सिक्युरिटी कर हा प्रश्न १९९३ पासून ठरलेला आहे, कारण त्या वर्षी क्लिंटन यांच्या ॲटर्नी जनरलपदाच्या उमेदवार झोई बेअर्ड यांना त्यावरूनच माघार घ्यावी लागली. सगळ्यात जास्त वेळ नवऱ्याच्या किंवा बायकोच्या धंद्यावर घालवा. १९८४ मध्ये जेराल्डीन फेरारो या मोठ्या पक्षाच्या जोडीतल्या पहिल्या महिला उमेदवार. त्यांच्या पतीचा न्यूयॉर्कमध्ये जमीन-इमारतींचा व्यवसाय होता आणि पतीने आपली करविवरणपत्रं द्यायला आधी नकार दिला. ऑगस्टचा बराचसा भाग त्यात गेला. फेरारो यांनी २१ ऑगस्टला लांबलचक पत्रकार परिषद घेऊन प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, उत्तम दिलं, पण अधिवेशनातून मिळालेला जोर तोवर ओसरला होता. म्हणून नियम साधा: जोडीदाराची कागदपत्रं येत नाहीत तोवर नाव पुढच्या यादीत जात नाही.

राज्यातल्या आणि स्थानिक पातळीवरच्या जुन्या पदांकडे दुर्लक्ष होतं, आणि घोडं बहुतेकदा तिथेच पेंड खातं. स्पिरो ॲग्न्यू १९६८ मध्ये मेरीलँडचे गव्हर्नर म्हणून निक्सन यांच्या जोडीला आले. ठेकेदारांकडून पैसे घेण्याचं प्रकरण त्याआधीच्या, बाल्टिमोर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कारभारापासूनचं होतं. ते १९७३ मध्ये बाहेर आलं आणि १० ऑक्टोबरला त्यांना उपाध्यक्षपद सोडावं लागलं. सिनेटर असलेल्या माणसाची मतं आणि भाषणं सगळ्यांसमोर असतात. काउंटीच्या रस्त्याच्या कंत्राटांच्या फायली कुणी उघडत नाही. त्या उघडायला माणूस तिथे, त्या गावी, पाठवावा लागतो.

सापडलेला दोष किती गंभीर, हे ठरवताना एक कसोटी उपयोगी पडते: तो आधी जाहीर झालेला आहे का? बायडेन यांनी १९८७ मध्ये ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते नील किनक यांच्या भाषणातला भाग आपल्या तोंडी वापरला आणि त्यावरून त्यांची तेव्हाची मोहीम संपली. २००८ मध्ये ओबामांनी त्यांना घेतलं तेव्हा ही गोष्ट वीस वर्षं जुनी आणि सर्वांना ठाऊक होती, म्हणून तिचं काही झालं नाही. नव्याने बाहेर येणारी लहान गोष्ट जुन्या मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त जागा खाते. २०२४ मध्ये हॅरिस यांच्याकडे वेळच नव्हता. बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचं नाव ६ ऑगस्टला आलं, म्हणजे १६ दिवस. त्यानंतर वॉल्झ यांनी नॅशनल गार्डमधल्या (राज्यांच्या राखीव सैन्यदलातल्या) हुद्द्याबद्दल आणि १९८९ मध्ये आपण हाँगकाँगला केव्हा होतो याबद्दल पूर्वी केलेली ढिली विधानं एकेक करून वर आली. त्यांची नोकरी खरी होती, चोवीस वर्षांची होती. पण जुन्या भाषणातलं प्रत्येक वाक्य नोंदींशी ताडून बघायला सोळा दिवस पुरत नाहीत.

परिस्थिती बदलली की दोषाचं वजनही बदलतं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. सिनेटर एमी क्लोबुशार तिथल्याच काउंटीच्या मुख्य सरकारी वकील राहिलेल्या. बायडेन यांच्या जोडीसाठी चर्चेत असलेलं आपलं नाव जूनमध्ये त्यांनी स्वतःच मागे घेतलं. म्हणून शेवटच्या यादीत तीन ते पाच नावं पूर्ण तयारीनिशी ठेवायची. एकच नाव धरून बसणं म्हणजे ऐन वेळी हात रिकामे राहण्याची तयारी.

मतचाचण्यांबद्दल थोडक्यात. ‘ही जोडी असेल तर मत द्याल का’ अशा चाचण्यांतून बहुतांश नाव किती ओळखीचं आहे एवढंच कळतं. त्यावर पैसे घालायचे तर विशिष्ट आरोप लोकांसमोर ठेवून ते किती लागतात हे मोजण्यात घाला.

कागदांची राखण हा आता वेगळाच विषय झाला आहे. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या मोहिमेतून इराणी हॅकरांनी व्हान्स यांच्यावरचा २७१ पानांचा छाननी अहवाल पळवला, तो पुढे इंटरनेटवर प्रसिद्धही झाला. अशा अहवालात तुमच्याच माणसाची सगळी दुबळी अंगं तुमच्याच शब्दांत लिहिलेली असतात. ते ई-मेलने फिरवू नका. छापील प्रत, क्रमांक टाकलेली, वाचून परत. निवड झाली नाही त्यांचे कागद त्यांना परत करा किंवा त्यांच्या समक्ष नष्ट करा.

यापुढची पायरी मुलाखतीची. आधी वकील एकट्याने, तीन-चार तास, मग उमेदवार एकट्याने. इथे २००८ कडे बघावं लागतं. मकेन यांना सिनेटर जो लिबरमन हवे होते, पण ते गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, त्यामुळे गर्भपाताच्या मुद्द्यावर पक्ष फुटेल अशी भीती सल्लागारांनी घातली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांचं नाव पुढे आलं, २८ ऑगस्टला त्या ॲरिझोनात मकेन यांना भेटल्या आणि २९ ला ओहायोतल्या डेटनमध्ये घोषणा झाली. सगळे म्हणतात छाननी कच्ची होती. माझं मत थोडं वेगळं आहे. कौटुंबिक आणि आर्थिक बाबी वकिलांना बऱ्याच कळल्या होत्या. जे तपासलं गेलं नाही ते असं: ही व्यक्ती परराष्ट्र धोरणावर, अर्थव्यवस्थेवर, तयारीशिवाय तासभर बोलू शकते का? सप्टेंबरमध्ये केटी कुरिक यांच्या टीव्ही मुलाखतींत ते उघडं पडलं. म्हणून कागदी छाननीइतकीच एक परीक्षा सक्तीची करा: एका अनुभवी पत्रकाराला, गुप्ततेची शपथ देऊन, समोर बसवायचं आणि कॅमेरा लावून दीड तास आडवे प्रश्न विचारायला लावायचे. त्यातून जे दिसतं ते दोनशे प्रश्नांच्या उत्तरांत दिसत नाही.

उमेदवाराने स्वतः बोलायचं ते पदाच्या स्वरूपाबद्दल. उपाध्यक्षाला घटनेने दिलेलं काम फार थोडं आहे: सिनेटचं अध्यक्षपद, समसमान मतं पडली तर निर्णायक मत, आणि गरज पडल्यास उत्तराधिकार. बाकी सगळं राष्ट्राध्यक्ष देईल तितकं. माँडेल यांनी डिसेंबर १९७६ मध्ये कार्टर यांना टिपण लिहून आपली भूमिका ठरवून घेतली. व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात कार्यालय मिळालेले ते पहिले उपाध्यक्ष, आणि दर आठवड्याला दोघांचं जेवण ठरलेलं. निवडीआधीच हे बोललेलं बरं. पण बोलण्यालाही मर्यादा असते. १९८० मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात रेगन यांनी माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याशी बोलणी केली, ती अधिकारांच्या वाटणीपर्यंत गेली आणि शेवटी फिसकटली; त्याच रात्री थोरल्या बुश यांना फोन गेला. अधिकार लेखी वाटून मागणारा माणूस दुसऱ्या क्रमांकावर टिकत नाही. प्रायमरीत भांडलेला माणूस मात्र टिकतो. बुश यांनी रेगन यांच्या आर्थिक धोरणाची प्रायमरीत जाहीर रेवडी उडवली होती, हॅरिस यांनी २०१९ च्या वादचर्चेत बायडेन यांना घेरलं होतं. दोन्ही जोड्या निवडून आल्या. विरोधकाची खरी चाचणी प्रायमरीत फुकट झालेली असते, हा त्याचा मोठा फायदा. समतोल साधायलाच हवा असंही नाही: क्लिंटन आणि गोर दोघेही दक्षिणेतले, वयाने जवळपास सारखे, आणि त्या सारखेपणातूनच ‘नवी पिढी’ हा संदेश गेला.

आता ज्या गोष्टी वर्तमानपत्रांत क्वचित येतात त्या. सिनेटर घेतला तर त्याची जागा रिकामी होईल, आणि बहुतेक राज्यांत ती तात्पुरती भरायचा अधिकार गव्हर्नरचा असतो. गव्हर्नर विरोधी पक्षाचा असेल तर जिंकूनही सिनेटमध्ये एक मत घालवाल. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना एलिझाबेथ वॉरन किंवा शेरॉड ब्राउन घेताना हाच अडसर होता, मॅसॅच्युसेट्स आणि ओहायो दोन्हीकडे रिपब्लिकन गव्हर्नर. टिम केन यांच्या व्हर्जिनियात तो नव्हता. दुसरं, एकाच वेळी दोन पदांना उभं राहता येतं का, हे राज्याच्या कायद्यावर अवलंबून. बेंट्सन १९८८ मध्ये उपाध्यक्षपद हरले आणि त्याच दिवशी सिनेट जिंकले. इंडियानात तशी मुभा नव्हती, म्हणून २०१६ मध्ये माइक पेन्स यांना १५ जुलैच्या दुपारपर्यंत गव्हर्नरपदाची उमेदवारी सोडायची होती, आणि ट्रम्प यांना त्याआधी मन ठरवावं लागलं.

तिसरं, पैसा. पदावरचा गव्हर्नर घेतला तर गुंतवणूक कंपन्यांकडून येणारी देणगी आटू शकते. सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचा २०१० चा नियम असा आहे की, राज्याच्या निवृत्तिवेतन निधीचा सल्लागार नेमण्यावर ज्याचा प्रभाव आहे अशा पदाधिकाऱ्याला कंपनीच्या संबंधित लोकांनी ३५० डॉलरपेक्षा, आणि त्याला मत देण्याचा हक्क नसेल तर १५० डॉलरपेक्षा जास्त दिले, तर त्या निधीकडून कंपनीला दोन वर्षं मोबदला घेता येत नाही. म्हणून गव्हर्नरचं नाव जाहीर होण्याआधी अशा देणगीदारांना वेळेत कळवणं हे निधी गोळा करणाऱ्यांचं काम असतं, अर्थात नाव न सांगता. उलट उमेदवाराने स्वतःचे पैसे स्वतःच्या मोहिमेत घालायला मर्यादा नाही. अपक्षांसाठी ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

अपक्षांना आणखी एक अडचण असते: काही राज्यांत मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून मतदारांच्या सह्या गोळा करतानाच उपाध्यक्षपदाचं नाव द्यावं लागतं. २०२४ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांच्या नेवाडातल्या सह्या याच कारणाने अडचणीत आल्या. त्यांनी २६ मार्चला निकोल शानाहन यांचं नाव दिलं, मोठ्या पक्षांच्या कितीतरी आधी. काही जण तात्पुरतं नाव देतात. १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी ॲडमिरल जेम्स स्टॉकडेल यांचं नाव असंच दिलं होतं, ते बदललं गेलंच नाही, आणि व्हिएतनाममध्ये वर्षानुवर्षं कैद सोसलेला तो सन्माननीय माणूस जवळपास तयारीविना राष्ट्रीय वादचर्चेत उभा राहिला. मोठ्या पक्षांनाही मुदती चुकत नाहीत. २०२४ मध्ये ओहायोत उमेदवारांची नावं कळवायची मूळ मुदत ७ ऑगस्ट होती आणि डेमोक्रॅटिक अधिवेशन १९ ऑगस्टला. मुदत नंतर वाढवली गेली, तरी कोर्टाचा धोका नको म्हणून पक्षाने मतदान आधीच ऑनलाइन उरकलं.

घोषणेच्या दिवसाआधी संपूर्ण कार्यालय तयार हवं: उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराचा मुख्य सहायक, प्रसिद्धिप्रमुख, भाषणलेखक, विमान, सुरक्षा, आणि छाननीत सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचं छापील उत्तर. १९८८ मध्ये बुश यांनी डॅन क्वेल यांचं नाव इतकं पोटात ठेवलं की न्यू ऑर्लिन्सला घोषणा झाली तेव्हा व्हिएतनाम युद्धाच्या काळात लढाईवर न जाता नॅशनल गार्डमध्ये ते कसे गेले या साध्या, अपेक्षित प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं. गुप्तता चार-पाच जणांपर्यंत वाढवली असती तर बिघडलं नसतं. २०१२ मध्ये रायन घराच्या मागच्या झाडीतून चालत बाहेर पडले, पुढच्या दाराशी पत्रकार होते. गुप्तता राखूनही तयारी करता येते याचं ते उदाहरण. खासगी विमानांचे मार्ग, नवी संकेतस्थळं, हॉटेलांची आरक्षणं हे सगळं पत्रकार बघत असतात. आणि ज्यांची निवड झाली नाही त्यांना बातमी फुटण्याआधी उमेदवाराने स्वतः फोन करायचा. हे सहायकावर सोपवू नका. प्रचारात पुढे त्यांची गरज लागते.

इतकं करूनही अधिवेशनानंतर उमेदवार बदलायची वेळ आली, तर नवं अधिवेशन बोलवावं लागत नाही, पक्षाची राष्ट्रीय समिती जागा भरू शकते. १९७२ मध्ये ईगलटन यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर यांना डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीने ८ ऑगस्टला असंच निवडलं. मतपत्रिका छापल्यावर मात्र नाव बदलणं बऱ्याच राज्यांत शक्य नसतं. १९१२ मध्ये उपाध्यक्ष जेम्स शर्मन मतदानाच्या आधीच्या आठवड्यात, ३० ऑक्टोबरला, वारले. त्यांचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं आणि पक्षाच्या इलेक्टरनी नंतर निकोलस मरी बटलर यांना मत दिलं. इलेक्टर शेवटी माणसंच असतात आणि त्यांची मतं डिसेंबरमध्ये पडतात, त्यामुळे नोव्हेंबर ते डिसेंबर या मधल्या काळात काही घडलं तर काय करायचं, याचं एक पानी कायदेशीर टिपण निवडीच्या फायलीत आधीपासून ठेवावं. कोणत्या राज्यात इलेक्टर पक्षाच्या उमेदवाराला बांधील आहेत आणि उमेदवाराचा मृत्यू झाल्यास ते मोकळे होतात का, याची राज्यवार यादी त्यात हवी.